क्ष-किरण चित्राचा खरा खर्च

फिल्म महाग आणि डिजिटल स्वस्त, हे यंत्रविक्रेत्यांच्या तोंडून आपण इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचा हिशेब मांडून पाहावा असे कोणास वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लहान रुग्णालयांपुरता तरी तो मांडणे अगत्याचे आहे. कारण आपण लिहून दिलेल्या तपासणीचे पैसे अखेर आपलाच रुग्ण भरतो.

फिल्मचा खर्च डोळ्यांना दिसतो. चांदीच्या क्षारांचा लेप असलेली फिल्म, डेव्हलपर, फिक्सर, अंधारखोली. आणि चित्र काळे वा फिके आले की पुन्हा तेच सारे. डेव्हलपर तर हवेनेच खराब होतो, रुग्ण आले नाहीत तरी बदलावा लागतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते व ती परत मिळविता येते. (खामगावकरांना चांदीचे मोल वेगळे सांगावयास नको!) परंतु 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हे द्रावण प्रक्रियेविना गटारात सोडता येत नाही, आणि तोही खर्च फिल्मच्याच खाती पडतो.

डिजिटलचा खर्च मात्र दडलेला असतो. समजा, यंत्रणा 12 लाखांची आणि तिचे आयुष्य 6 वर्षांचे धरले. देखभाल, बॅटऱ्या व संगणक मिळून वर्षाला 1 लाख. म्हणजे वर्षाचे 3 लाख. कामाचे 300 दिवस धरता दिवसाला 1000 रुपये. रोज 25 रुग्ण असल्यास प्रत्येकी 40 रुपये, 5 असल्यास 200. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. गणित मात्र असेच चालते. खामगाव-मलकापूरच्या गजबजलेल्या रुग्णालयास जे परवडते, ते सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपुरास परवडेलच असे नाही. तेथे जुने क्ष-किरण यंत्र कायम ठेवून फॉस्फर पट्टिकेची सी. आर. पद्धत घेणे अधिक शहाणपणाचे.

खरी मेख पुढेच आहे. चित्र डिजिटल घ्यावयाचे आणि रुग्णास ते पुन्हा फिल्मवर छापून द्यावयाचे, ही रीत अनेक ठिकाणी चालू आहे. बचत तेथेच बुडते. छापील चित्र बंद करून मोबाइलवर छायाचित्र पाठविणे हाही उपाय नव्हे. सुश्रुताचार्यांनी संधिमुक्ताचे 6 व कांडभग्नाचे 12 प्रकार सांगितले. त्यांतील सूक्ष्म तडा अशा धूसर छायाचित्रात हमखास निसटतो. संधिवातात गुडघ्याचे आजचे चित्र दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी ताडून पाहावे लागते, आणि त्यासाठी रुग्णाने पेटीत जपून ठेवलेली जुनी फिल्म अजूनही कामी येते.

म्हणून वैद्यबंधूंनी तपासणीच्या चिठ्ठीवरच स्पष्ट लिहावे : मूळ चित्र सीडीवर द्यावे, अहवालासोबत साध्या कागदावरील प्रत द्यावी आणि फिल्म मागितली असेल तरच छापून तिचे पैसे घ्यावेत.