गरुडाचें घरटें आणि छायाचित्र

या अंकासाठीं विद्यार्थ्यांकडून जीं छायाचित्रें आलीं, त्यांत एक फारच सुरेख होतें. धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंड्यावर काटक्यांचें घरटें, त्यांत बसलेली सापमार गरुडाची मादी, आणि तिचा पिवळा डोळा थेट पाहणाऱ्यावर रोखलेला. चित्रांत कोठें उणें काढावें असें कांहीं नव्हतें. तरी तें आम्हीं छापलेलें नाहीं. तें कां, हें सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. कारण हा प्रश्न एका चित्रापुरता किंवा एका विद्यार्थ्यापुरता नाहीं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत गरुड आहेत, हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. आकाशांत जें मोठें पाखरूं फिरतांना दिसेल, त्यास 'घार' म्हणून मोकळें होण्याची आपणांस संवय आहे. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वर अभयारण्य सुमारें 148 चौरस किलोमीटरांचें. तेथें वाघ पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि वाघ न दिसल्यास हिरमुसले होऊन परततात. त्याच वेळीं त्यांच्या डोक्यावर सर्पगरुड घिरट्या घालीत व लांब शीळ वाजवीत असतो; पण मान वर करतो कोण? पंखांखालीं आडवा पांढरा पट्टा दिसला कीं तो ओळखावा. सागवानाच्या रानांत तुरा मिरविणारी मोरघार असते, ती नांवानें घार असली तरी जातीनें गरुडच. उघड्या शेतांवर, एका जागीं पंख हलवीत वाऱ्यांत थबकणारा मोठा फिकट पक्षी दिसला, तर तो बहुधा सापमार. (कपाशीच्या बोंडासारखी पांढरी कापशीही अशीच थबकते, पण ती कावळ्याहूनही लहान असून गरुडांत मोडत नाहीं. मात्र उंदीर खाऊन ती आपल्या शेतकऱ्यावर जे उपकार करते, त्यांसाठीं तिचें नांव येथें घेतलेंच पाहिजे.)

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सापमार गरुड वर्षांतून एकच अंडें घालतो. सर्पगरुडाचेंही तसेंच. कोंबडीच्या खुराड्याकडे पाहून ज्यांची दृष्टि तयार झाली, त्यांस या 'एक' आंकड्याचा अर्थ चटकन उमगत नाहीं. तें अंडें सुमारें सहा आठवडे उबवावें लागतें, आणि सापमाराचा हा काळ हिंवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यांत शिरतो. त्याचें घरटें दाट पानांत नसतें, तर विरळ झाडाच्या माथ्यावर उघडें असतें. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा कोठवर चढतो, हें वाचकांस सांगावयास नको. अशा वेळीं मादी अंड्यावर बसते ती केवळ ऊब देण्यास नव्हे, तर सावली देण्यासही. झाडाखालीं माणूस उभा राहिला कीं ती उडते, आणि तो तेथें असेपर्यंत बहुधा परतत नाहीं. अर्धा तास हा छायाचित्रकाराच्या दृष्टीनें थोडा वेळ असेल. उघड्या अंड्याच्या दृष्टीनें तो थोडा नाहीं. शिवाय मादी उठली कीं घरटें कावळ्यांस दिसतें.

यावर असें म्हणतात कीं, कॅमेरा हा बंदुकीहून बरा. हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. सलीम अली यांच्या तरुणपणीं पक्षी निश्चितपणें ओळखावयाचा तर तो मारून त्याचें कातडें जपून ठेवण्याची रीत होती. तें काम आज भिंगानें होतें, ही मोठीच प्रगति होय. परंतु हत्यार बदललें म्हणजे वृत्ति बदलली असें होत नाहीं. आपल्या देशाच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. तींत वन्य पक्ष्याचीं अंडीं किंवा घरटें यांस उपद्रव देणें याचाही समावेश केलेला आहे. म्हणजे ज्याच्या हातीं कधीं गोफणही आली नाहीं, असा सुशील मुलगा केवळ एका चित्राच्या लोभानें कायद्याच्या भाषेंत शिकारी ठरूं शकतो! आम्हांस वाटतें, कायदे करणाऱ्यांनीं येथें मोठी सूक्ष्म दृष्टि दाखविली.

दूरच्या ऑस्ट्रेलियाचा दाखला येथें घेण्यासारखा आहे. तेथील रुक्ष अंतर्भागांत पाचरीच्या आकाराच्या शेपटीचा एक प्रचंड गरुड असतो. त्याच्या पंखांचा पसारा दोन मीटरांहून अधिक भरतो. तो कोंकरें पळवितो, या समजुतीनें पश्चिम ऑस्ट्रेलियांत 1928 ते 1968 या काळांत त्यास मारणाऱ्यांना सरकारी बक्षिसें दिलीं गेलीं, आणि अशीं बक्षिसें लाखाहून अधिक झालीं. पुढें अभ्यासकांस आढळलें कीं, त्यानें नेलेलीं कोंकरें पुष्कळदां आधींच मेलेलीं किंवा मरणोन्मुख असतात. आज तो संरक्षित आहे, आणि रस्त्यावर मोटारींखालीं मेलेल्या कांगारूंवर तो उतरतो तेव्हां त्याचें चित्र घेण्यासाठीं लोक शेंकडों मैल जातात. त्याच गरुडाची टास्मानिया बेटावरील जात संकटांत असून, विणीच्या काळांत माणसाची चाहूल लागल्यास ती घरटें टाकून देते. म्हणून तेथें लाकूडतोड्यांस त्या हंगामांत घरट्यापासून पांचशें मीटर, आणि घरटें समोर दिसत असल्यास एक किलोमीटर दूर राहावें लागतें. ज्यांची पोटें लाकडावर चालतात ते इतके दूर थांबतात. मग हौशी माणसानें किती दूर थांबावें?

शिवाय आजच्या फोनवर काढलेल्या चित्रांत पुष्कळदां जागेची नोंद आपोआप होते. एकाचें चित्र दहांनीं पाहिलें कीं आठवड्यांत त्या बाभळीखालीं दहा पावलें उमटतात. धुऱ्यावरचीं झाडें आधींच कमी होत चाललीं आहेत. उरलेल्यांवर ही नवी आपत्ति नको.

उडत्या गरुडाचें चित्र मात्र कोणीही खुशाल घ्यावें, आणि तें अधिक उपयोगाचेंही असतें. कारण गरुडाची ओळख बहुतांशीं त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवरून पटते, आणि घरट्यांत बसलेल्या मादीची ती बाजू दिसत नाहीं. त्यासाठीं पहांटे उठण्याचीही गरज नाहीं. जमीन तापून उष्ण हवा वर चढूं लागल्याखेरीज हे जड पक्षी उंच घिरट्या घेत नाहींत. म्हणून सकाळीं नऊपासून अकरापर्यंतचा वेळ उत्तम. सूर्य पाठीशीं घ्यावा. आकाश उजळ असल्यामुळें पक्षी चित्रांत काळा उमटतो, यास्तव कॅमेऱ्यांत प्रकाश नेहमींपेक्षां थोडा अधिक येऊं द्यावा. चित्राच्या मागें तारीख, वेळ, गांव आणि पक्षी काय करीत होता तें लिहावें. घरटें आढळल्यास त्याची जागा वनविभागास कळवावी, इतरांस नाहीं. नोव्हेंबरांत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून पाहुणे गरुड इकडे उतरूं लागतात. त्यांचीं घरटीं येथें नसतात, त्यामुळें आरंभ त्यांच्यापासून करावा. अशीं चित्रें पुसट असलीं तरी पुढील अंकांत त्यांस आम्ही जागा देऊं.