नवा कॅमेरा कीं नवें भिंग?

गेल्या मार्गशीर्षांत पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. जुन्या वाड्यांतलें माजघर, बोळाकडे उघडणारी एकुलती खिडकी, एक्याऐंशीं दिव्यांचें तबक, आणि सुना ओवाळूं लागल्या तेव्हां आजींच्या मुखावर उमटलेलें लहान मुलीसारखें हसूं! नातीनें आपल्या कॅमेऱ्यानें दोनशें छायाचित्रें घेतलीं. रात्रीं सारें घर संगणकापुढें जमलें. भिंत स्वच्छ आली होती, कोनाड्यांतील समई स्वच्छ आली होती. परंतु आजींचा चेहरा मात्र एकूणएक चित्रांत पुसट! मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. तें साहजिकच होतें. मुंज एकाची हुकली तर दुसऱ्याची येते. आजी कांहीं पुन्हां ऐंशीं वर्षांच्या व्हावयाच्या नाहींत.

दुसरे दिवशीं बापलेकींचा वाद आमच्यापुढें आला. मुलीनें आपल्या पहिल्या वर्षाच्या पगारांतून तीस हजार रुपये शिल्लक टाकले होते. "काका, हा कॅमेरा नवशिक्यांचाच. आतां मोठा घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, होय ना?" असें तिचें म्हणणें. वडील म्हणाले, "अहो, खिशांत फोन असतांना मुळीं कॅमेराच कशाला हवा?" हा प्रश्न त्या एकाच घरचा नाहीं. पांचसात वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेला, १८ ते ५५ मिलिमीटरच्या भिंगासह मिळालेला प्रारंभिक डीएसएलआर कॅमेरा आज कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आहे, आणि "आतां पुढें काय?" हा विचार तेथें केव्हांना केव्हां निघतोच. म्हणून आज या सदरांत त्याचाच विचार करूं.

नाडी पाहिल्यावांचून औषध देऊं नये. डिजिटल छायाचित्राची एक सोय अशी कीं, तें कसें घेतलें याची नोंद त्याच्याच पोटांत असते. आम्हीं ती उघडून पाहिली. भिंग ५५ मिलिमीटरवर, त्याचें द्वार एफ ५.६, आयएसओ १६००, आणि शटर एका सेकंदाचा पंधरावा भाग. सारें निदान या चार आंकड्यांत आहे. हसणारें माणूस तेवढ्या अवधींत सहज मान हलवितें. अशा भिंगांत बहुधा कंपनिवारणाची योजना असते. ती छायाचित्र घेणाराच्या हाताचा कंप सांवरते, म्हणून भिंत स्वच्छ आली. परंतु समोरच्या माणसाची हालचाल थांबविणें तिच्या हातीं नाहीं. तें काम जलद शटरचें. आणि शटर जलद हवें तर प्रकाश अधिक हवा. फोनही अंधारांत अनेक चित्रें एकावर एक रचून चांगलें काम करतो. तथापि हलणारा चेहरा आणि फिरतें तबक यांपुढें त्याचीही बहुधा तशीच अडचण होते. सारांश, दोष मुलीच्या हाताचा नव्हता आणि कॅमेऱ्याच्या पेटीचाही नव्हता. भिंगाच्या द्वाराचा होता.

आतां थोडें अंकगणित. एफपुढील आंकडा जितका लहान तितकें द्वार मोठें, आणि आंत येणारा प्रकाश त्या आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. बाजारांत ५० मिलिमीटर एफ १.८ या प्रकारचें साधें भिंग मिळतें. त्यांत झूम नाहीं, डौल नाहीं. किंमत मात्र सामान्यतः दहा हजारांच्या आसपास. ५.६ ला १.८ नें भागून येणाऱ्या ३.१ चा वर्ग करावा. साडेनऊहून थोडे अधिक येतात. म्हणजे त्याच माजघरांत, त्याच दिव्यांच्या उजेडांत, सेकंदाच्या पंधराव्या भागाऐवजीं सुमारें एकशेंचाळिसाव्या भागाचें शटर चाललें असतें. तेवढ्या वेगांत आजींचें हसूं सांपडलें असतें.

याच्या उलट बाजू पाहूं. "पूर्ण चौकटीचा" म्हणून ज्या कॅमेऱ्याची एवढी महती ऐकूं येते, त्याची प्रकाशग्राही पट्टी, म्हणजे सेन्सर, ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असते. प्रारंभिक डीएसएलआरची बहुधा २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरच्या जवळपास. क्षेत्रफळांची तुलना केली तर मोठी पट्टी सुमारें २.४ पट भरते. आणि द्वार तेंच राहिलें तर अंधारांतला लाभही ढोबळमानानें तितकाच. नव्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याला भिंगासह लाखाच्या घरांत रक्कम लागते, आणि जुनें भिंग त्या मोठ्या पट्टीला पुरें पडत नाहीं तें निराळेंच. दहा हजारांत साडेनऊपट, आणि लाखांत अडीचपटीहून कमी! हा हिशेब दुकानदार आपण होऊन सांगत नाहीं. पेटीवर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आंकड्याचीही तीच कथा. २४ मेगापिक्सेलचें चित्र ६००० गुणिले ४००० बिंदूंचें असतें. इंचास ३०० बिंदु धरले तरी तें २० इंच लांब व १३ इंच रुंद छापतां येतें. घरच्या संग्रहांतील ६ गुणिले ४ इंचांच्या चित्राला बावीस लक्षांहूनही कमी बिंदु पुरतात.

मात्र भिंग घेतांना तीन गोष्टी तपासाव्या. पहिली, अंतराची. छोट्या पट्टीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग जवळजवळ दूरदर्शीच होतें. दहा फुटांच्या खोलींत भिंतीला पाठ लावली तरी चार माणसें चौकटींत मावत नाहींत. घरांतल्या प्रसंगांसाठीं म्हणून ३५ मिलिमीटर एफ १.८ चें भिंग अधिक सोयीचें. एकट्या माणसाच्या मुखचित्राला ५० चें उत्तम. दुसरी गोष्ट, जोडणीची. निकॉनच्या डी-३००० व डी-५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांच्या पेटींत भिंग फिरविणारी मोटर नसते. त्यांवर जुन्या एएफ-डी जातीचें भिंग बसतें खरें, परंतु नेम आपोआप साधत नाहीं. तेथें ज्याची मोटर भिंगांतच आहे असें एएफ-एस भिंगच मागावें. तिसरी गोष्ट, नेमाची. द्वार पूर्ण उघडलें कीं स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ५० मिलिमीटर, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर असतां तो अवघा सहासात सेंटिमीटरांचा; डोळा स्पष्ट आणि कान पुसट! नेम नेहमीं जवळच्या डोळ्यावर धरावा, आणि दोघेतिघे असतील तर द्वार एफ २.८ अथवा एफ ४ पर्यंत मिटावें.

जुनें भिंग घेण्यास संकोच वाटूं देऊं नये. कॅनन व निकॉन या दोन्ही कारखान्यांनीं २०२० नंतर डीएसएलआरचा नवा नमुना काढलेला नाहीं. त्यांचें लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. त्यामुळें पुष्कळ हौशी मंडळी आपलीं चांगलीं भिंगें विकून टाकीत आहेत. परंतु आपल्याकडील पावसाळा लक्षांत ठेवावा. विजेरीचा झोत एका बाजूनें टाकून भिंगांत आरपार पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसले तर ती बुरशी समजावी व किंमत कितीही कमी असली तरी भिंग परत करावें. तीच काळजी घरच्या भिंगाची. कपाटांत कातडी पिशवींत कोंडून ठेवण्यापेक्षां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें, आणि पुड्या ओलावल्या कीं वाळवाव्या किंवा बदलाव्या. कॅमेऱ्याची पेटीच जुनी घ्यावयाची असेल तर शटर किती वेळां चाललें तो आंकडा विचारावा. प्रारंभिक कॅमेऱ्यांचें शटर सामान्यतः एक लक्ष वेळांच्या हिशेबानें बनविलेलें असतें.

कांहीं सुधारणा तर फुकटच्या आहेत. जेपेग प्रकारांत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात. रॉ प्रकारांत बहुधा १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे ४०९६ अथवा १६,३८४ छटा. काळोखांत बुडालेला चेहरा त्यांतून पुष्कळसा वर काढतां येतो. डार्कटेबल व रॉथेरपी हीं त्याला लागणारीं साधनें विनामूल्य मिळतात. दुसरी सुधारणा खिडकीची. दुपारचा मऊ उजेड एका बाजूनें चेहऱ्यावर येईल असें माणसास बसवावें. तेवढ्यानें जें साधतें तें विकतच्या दिव्यानें क्वचितच साधेल. निराळा फ्लॅश घेतल्यास त्याचें तोंड छताकडे वळवितां येतें कीं नाहीं तें पाहावें, कारण पांढऱ्या छतावरून परतलेला प्रकाश सौम्य असतो. जुन्या वाड्याचें काळवंडलेलें लांकडी तक्तपोशीचें छत मात्र तो प्रकाश गिळून टाकतें; तेथें मोठ्या द्वाराचें भिंगच खरें.

मग पेटी केव्हांच बदलूं नये कीं काय? तसें नाहीं. धांवणाऱ्या नातवंडांवर किंवा उडत्या पांखरांवर कॅमेऱ्याचा नेम वारंवार चुकत असेल, संगीत नाटकाच्या प्रयोगांत शटरचा खटका शेजाऱ्यांस टोंचत असेल, अथवा शटरच झिजलें असेल, तर नवा मिररलेस कॅमेरा अवश्य पाहावा. तो योग्य जोडकड्यासह घेतल्यास जुनीं भिंगें बहुतेक चालतात. मोटर नसलेल्या जुन्या भिंगांचा स्वयंचलित नेम मात्र बहुधा तेथेंही मिळत नाहीं. तात्पर्य, ज्याला आपल्या कॅमेऱ्याची उणीव नेमकी एका वाक्यांत सांगतां येते, त्यानेंच तो बदलावा. "जुना झाला", "शेजाऱ्यांचा मोठा आहे", हीं कारणें नव्हेत.

खर्चाच्या बाबतींत दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण बोधप्रद आहे. १९१२ सालीं त्यांनीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनहून विल्यम्सन बनावटीचा चलच्चित्राचा कॅमेरा आणविला. एवढा खर्च करण्यापूर्वीं छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांनीं स्वतः केलेला होता, आणि हवें तें काय हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. कॅमेरा हातीं आल्यावर त्यांनीं वाटाण्याच्या एका रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपली. ती पाहून भांडवल देणारा तयार झाला, आणि १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. यंत्र कर्जानें मिळालें. चिकाटी घरचीच होती.

आमच्या स्नेह्यांच्या कन्येनें अखेर ३५ मिलिमीटरचें एक भिंग घेतलें. उरलेल्या रकमेंतून एक तिपाई, आणि चित्रांच्या प्रती ठेवण्यासाठीं दोन निरनिराळ्या डिस्का आल्या. एक घरीं राहते, दुसरी मावशीकडे. तरीही कांहीं हजार शिल्लक उरले. ते आम्हीं छपाईसाठीं राखून ठेवावयास सांगितले. त्या घरांत आजींच्या लग्नाचें, १९६५ सालचें, एकच छायाचित्र आहे. कडा पिवळ्या पडल्या, एका कोपऱ्याला वाळवी लागून गेली, तरी तें भिंतीवर आहे. आणि नातीच्या संगणकांत जीं हजारों चित्रें होतीं, त्यांतलें एकही कागदावर उतरलें नव्हतें.

पुढच्या रविवारीं दुपारीं आजी खिडकीपाशीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. "अग, आज दिवे नाहींत, शालू नाहीं, काय काढतेस माझें?" असें म्हणत त्यांनीं वर पाहिलें, आणि तोच क्षण नातीनें टिपला. कपाळावरची प्रत्येक सुरकुती, सुपांतला हात, सारें स्वच्छ उमटलें आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशींचें तें हसूं मात्र यांत नाहीं. तें गेलें तें गेलेंच. मुलीनें त्या दिवशींच्या दोनशेंपैकीं एक पुसट चित्रही छापून घेतलें, आणि दोन्ही चित्रांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें तिथि, वार व तारीख घालून तीं संग्रहांत समोरासमोर लावलीं. वडील आतां फोनचें नांव काढीत नाहींत. भिंगाच्या डब्यांतल्या पुड्या दर पंधरवड्यास उन्हांत वाळविण्याचें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलें आहे.