आधी मणका की आधी मालिश?

आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात कुणाची मान आखडली की सल्ले द्यायला दहा जण हजर. कुणी तेल सांगतं, कुणी मान कडकन मोडून देणारा माणूस सांगतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: काहीही कर, पण मणक्याचं ऑपरेशन नको. माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो!

माझ्या आत्यानेही हेच ऐकलं. ससून डॉकवरून मासळी आणून विकण्यात तिचं आयुष्य गेलं. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग ब्लाउजचे हुक लागेनात, हातातला कोयता निसटायला लागला, चालताना तोल जायला लागला. ‘काय नाय गो, वय झालं आता,’ म्हणत तिने आठ महिने मालिशवर काढले. एमआरआय केला तेव्हा कळलं, झिजलेल्या मणक्यांमुळे मानेतला मज्जारज्जू दाबला गेलाय. ऑपरेशन झालं. आज ती चालते, मासळी विकायला बसते. पण बोटांची पकड पूर्ण परत आली नाही. ऑपरेशनने दाब निघतो, पुढचं नुकसान थांबतं. जे आधीच गेलंय ते परत येईलच असं नाही.

मग तिचं नुकसान कुणी केलं? ऑपरेशनने की त्या आठ महिन्यांनी?

गंमत म्हणजे ही भीती ज्या शहरात आहे, त्याच शहराने जगाला मानेचं एक ऑपरेशन शिकवलंय. कवटीचा भार पेलणारा पहिला मणका आणि त्याखालचा दुसरा, यांचा सांधा सरकला तर हातपाय लुळे पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. पूर्वी हे मणके मागून तारेने बांधत. परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू बसवून ते पट्टीने जोडले आणि १९९४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरली. आज जगभरचे सर्जन तिला गोयल-हार्म्स म्हणतात. महापालिकेच्या हॉस्पिटलातलं काम आहे हे!

याचा अर्थ प्रत्येक पाठदुखीवर ऑपरेशन करा असा नाही. गादी सरकल्याच्या बहुतेक केसेस औषधं, व्यायाम आणि काही आठवड्यांच्या धीराने बऱ्या होतात. कुणी घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या. धोका किती, हे बिनधास्त विचारा. पण हातापायातली ताकद कमी होणं, बटणं न लागणं, तोल जाणं ही थांबून बघायची लक्षणं नाहीत. आणि पाठदुखीसोबत लघवी तुंबली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

हे घरच्यांना सांगणार कोण? आपणच. ओपीडीची रांग म्हणजे मोठ्यांचा एका दिवसाचा धंदा बुडतो. आपलं फार तर एक लेक्चर बुडतं. हुक लावायला आत्या मलाच हाक मारायची. मी लावून द्यायचे आणि कॉलेजला पळायचे. तिला हुक का लागत नाहीत, हे एकदाही विचारलं नाही.

तुम्ही विचारा.