सकर मासा: आधी नाव विचारा, मग खायला घाला

शोभिवंत माशांच्या दुकानात गोल्डफिश, मॉली, एंजल, गुरामी यांची चौकशी होते, रंग पाहिले जातात, जोड्या निवडल्या जातात. काचेला तोंड चिकटवून बसलेल्या काळपट, खरखरीत माशाची मात्र कोणी फारशी विचारपूस करत नाही. तो एकाच नावाने विकला जातो: सकर. फार तर प्लेको. बोटभर लांबीचा हा मासा पिशवीत भरताना गिऱ्हाइकाला हमखास सांगितलं जातं, "काच साफ ठेवतो, याला वेगळं काही घालायला नको." रत्नागिरीत असो की पुण्यात, घरगुती मत्स्यालयांचं आणि त्याहून अधिक आपल्या नद्यांचं जेवढं नुकसान या एका वाक्याने केलं आहे, तेवढं एखाद्या रोगानेही केलं नसेल. या वाक्यावर विसंबलेल्या घरात मासा एक तर उपाशी मरतो, नाही तर हातभर वाढून घराला नकोसा होतो. म्हणून विकत घेतलेला सकर नेमका कोणता, हे ठरवणं ही हौशी लोकांची चैन नाही. पहिल्या दिवसाचं पहिलं काम ते आहे.

ज्याला आपण सरसकट सकर म्हणतो, ते लोरिकॅरिडी नावाचं अवाढव्य कुटुंब आहे. मूळ दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत आणि खालच्या बाजूला बशीसारखं तोंड, ही त्याची ओळख. लिनिअसने त्यातल्या एका माशाचं वर्णन १७५८ मध्येच करून ठेवलं होतं. आज शास्त्राला माहीत असलेल्या जाती हजाराच्या घरात आहेत. त्यांची भर इतक्या वेगाने पडत गेली, की शास्त्रीय नाव मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. १९८८ पासून जर्मनीतल्या ‘डाट्स’ या मत्स्यालयविषयक मासिकाने नव्या माशांना ‘एल’ अक्षरापुढे आकडा देऊन ओळखायला सुरुवात केली आणि जगभरच्या व्यापारात ती पद्धत रुळली. ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको आजही एल-४६ म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडच्या दुकानात एवढी विविधता नसते. भारतात शोभिवंत माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर कोलकाता आणि चेन्नईच्या आसपास होते. तिथून येणाऱ्या स्वस्त सकरांमध्ये बहुतेक भरणा टेरिगोप्लिक्थिस या वंशाचा असतो. इंग्रजी पुस्तकं ज्याला ‘कॉमन प्लेको’ म्हणतात, तो खरं तर हायपोस्टोमस. पण त्या नावाने बाजारात मिळतो तो बहुधा टेरिगोप्लिक्थिसच. दुसरा नेहमी दिसणारा म्हणजे अँसिस्ट्रस, दुकानदारांच्या भाषेत ब्रिसलनोज. त्याचा पिवळसर पांढरा अल्बिनो प्रकारही मिळतो.

हे दोन वेगळे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मासा काचेवर चिकटून पाठीवरचा पर उभारतो तेव्हा मोबाइलने बाजूने एक फोटो घ्यावा आणि तो मोठा करून त्या पराच्या काड्या मोजाव्यात. पुढचा जाड काटा सोडून दहा किंवा अधिक काड्या असतील आणि पर शिडासारखा उंच असेल, तर तो टेरिगोप्लिक्थिस. सातेक असतील, डोकं रुंद आणि अंग चपटं असेल, तर अँसिस्ट्रस असण्याची शक्यता मोठी. अँसिस्ट्रसचा नर मोठा झाला की त्याच्या नाकाडावर फांद्या फुटलेल्या मिशा उगवतात. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेला बारीकशा असतात. लहान पिल्लांमध्ये मिशांचा पत्ताच नसतो, त्यामुळे ‘मिशा नाहीत म्हणजे ब्रिसलनोज नाही’ हा निष्कर्ष चुकतो. सात काड्या हायपोस्टोमसलाही असतात, म्हणून डोक्याची आणि अंगाची ठेवण पाहायला विसरू नये.

टेरिगोप्लिक्थिस निघाला तर पोटाकडे पाहावं. मासा काचेला चिकटलेला असताना पोट आयतंच समोर येतं. ठिपके सुटे असले तर पार्डालिस, एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असल्या तर डिसजंक्टिव्हस, असं पुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात या दोघांचा संकर इतका झाला आहे की पोटावरची नक्षी पाहून ठामपणे बोलणं धाडसाचं ठरेल. घरात टाकी ठेवणाऱ्याला तेवढ्या खोलात जायची गरजही नाही. त्याच्या दृष्टीने वंश कळला की पुरे, कारण त्यावरून मासा किती वाढणार हे कळतं. एक घोळ मात्र टाळावा. ‘अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा सोनेरी, सडपातळ मासा या कुटुंबातला नाहीच. तो आग्नेय आशियातला जायरिनोकायलस. त्याच्या अंगावर चिलखत नाही, साधे खवले आहेत. मोठा झाला की तो टाकीतल्या इतर माशांना भंडावून सोडतो.

अँसिस्ट्रस बारा ते पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. टेरिगोप्लिक्थिस चाळीस सेंटिमीटर सहज ओलांडतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. आपल्या घरांमध्ये सर्वाधिक खपणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. तिच्यात काठोकाठ भरलं तरी छप्पन्न लिटरच्या आसपास पाणी मावतं. तीस सेंटिमीटर रुंदीच्या या पेटीत चाळीस सेंटिमीटरच्या माशाला अंग वळवता येत नाही. हे गणित दुकानातच समजलं असतं, तर अर्ध्याहून अधिक गिऱ्हाइकांनी हा मासा घेतलाच नसता, असं म्हणायला पूर्ण जागा आहे.

आता खाण्याचं. नव्या टाकीत शेवाळ नसतंच. घासूनपुसून आणलेल्या काचेवर, धुतलेल्या वाळूत सकर पहिल्या आठवड्यात काय खाणार? जुन्या टाकीतलं हिरवं-तपकिरी किटण तो चार दिवसांत संपवतो आणि मग दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या, तळाशी पोचेल न पोचेल अशा दाण्यांवर राहतो. तो रात्री हिंडणारा मासा आहे. सकाळी फ्लेक्स टाकले तर वरचे मासे ते फस्त करतात आणि हा ओंडक्यामागे बसून राहतो. उपाशी सकर ओळखणं अवघड नाही. काचेवर चिकटला की त्याचं पोट आत ओढलेलं दिसतं, डोळे खोल गेलेले असतात. भुकेलेला मोठा सकर कधी कधी गोल्डफिश किंवा डिस्कससारख्या संथ माशाच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा चिकट थर खरवडतो, त्या माशाला जखमा होतात. मग लोक सकरला दुष्ट ठरवतात.

त्याचा आहार कोकणातल्या स्वयंपाकघराला मुळीच जड नाही. दुधी, दोडकं, काकडी, पालकाची पानं, सोललेले मटार यांतलं काहीही चालतं. भाजी स्वच्छ धुवावी, कारण फवारणीचा अंश माशाला सोसत नाही. कापाला उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून मऊ करावं, थंड झालं की स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडावं आणि दिवा बंद करावा. सकाळी उरलेलं काढून टाकावं, नाही तर पाणी नासतं. जोडीला तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या वड्या मिळतात, त्या आठवड्यातून तीन-चारदा द्याव्यात. टेरिगोप्लिक्थिसला कधीमधी सोललेल्या ताज्या कोळंबीचा लहानसा तुकडा दिला तर हरकत नाही. अँसिस्ट्रसला मात्र भाजीपालाच मुख्य ठेवावा. रत्नागिरीत हाताशी असतं म्हणून खारवलेली सुकी मासळी टाकीत टाकायचा मोह होतो, तो आवरावा. पोळी, पाव, भातही नको. या माशांचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. ते तंतुमय, हळूहळू पचणाऱ्या खाण्यासाठी बनलेलं आहे.

टाकीत एखादा लाकडाचा ओंडका असावा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो बरोबर आहे. त्याचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. पनाकसारख्या काही जाती लाकूड खरवडून गिळतात, पण डोनोव्हन जर्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००९ मध्ये या माशांची आतडी तपासली तेव्हा लाकूड त्यांना पचतच नसल्याचं आढळलं. ते जगतात लाकडावर साचलेल्या सेंद्रिय गाळावर. म्हणजे लाकूड हे त्यांचं ताट आहे, जेवण नव्हे. ओंडका ठेवला म्हणून खायला घालणं टाळता येत नाही.

आणि भरपूर खाणारा मासा भरपूर घाणही करतो. काच साफ ठेवणारा म्हणून आणलेला सकर टाकीतल्या इतर सगळ्या माशांपेक्षा जास्त विष्ठा टाकतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं त्याच्यामुळे वाचत नाही, उलट अधिक गरजेचं होतं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी साधारणपणे मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं, ते अमेझॉनच्या माशांना मानवतं. नळाचं असेल तर क्लोरिन उडून जाऊ द्यावं.

या माशाचा चिवटपणा थक्क करणारा आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तो वर येतो, हवा गिळतो आणि चक्क पोटाच्या भिंतीतून तिच्यातला प्राणवायू शोषून घेतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी हवेचा पंप बंद पडलेल्या टाकीत शेवटपर्यंत तग धरू शकतो तो सकरच. ओलसर जागी पाण्याबाहेरही तो अनेक तास जिवंत राहतो. घरच्या टाकीत हा गुण आहे. नदीत तोच धोका आहे.

कारण वाढलेला सकर शेवटी कुठे जातो? बादलीतून जवळच्या तळ्यात, धरणात, नदीत. ‘जीवदान दिलं’ या समाधानाने, बहुतेकदा अगदी चांगल्या मनाने. केरळात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, मग कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत, आंध्रच्या मत्स्यतलावांत आणि सप्टेंबर २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेतही हा मासा सापडला. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही. नर काठाच्या मातीत खोल बिळं खणून त्यात अंडी राखतात, त्यामुळे काठ ढासळतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात तिलापियाची मोठी मासेमारी होती. तिथे या माशाने जाळी व्यापली आणि मच्छीमारांच्या हाती विकण्याजोगं फारसं उरलं नाही.

कोकणातल्या नद्या तर आखूड. सह्याद्रीतून निघालेली काजळी भाट्याच्या खाडीला मिळेपर्यंत तिचा प्रवास थोडक्यात संपतो. उन्हाळ्यात वरच्या अंगाला डोहच तेवढे उरतात आणि सगळं जलजीवन त्यांच्यात एकवटतं. दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारा आपला स्वतःचा मासाही आहे: मळ्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद करताना १८३९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा इथलंच नाव त्यात ठेवलं. गारा मल्या हा बोटभर मासा आणि हातभर टेरिगोप्लिक्थिस एकाच डोहातल्या एकाच दगडावर आले, तर पोटभर कोणाला मिळेल हे सांगायला नको. महाडजवळच्या वाळणकोंडात देवाचे मासे म्हणून लोक महसीर राखतात, त्यांना कोणी हात लावत नाही. ज्या प्रांतात डोहातल्या माशांना असं अभय देण्याची रीत आहे, त्या प्रांताने परका मासा डोहात सोडण्याला पुण्य समजू नये.

दोष सगळा गिऱ्हाइकाचा नाही. ज्याला नावच सांगितलेलं नाही, त्याने काय शोधावं? प्रत्येक टाकीवर दोन गोष्टी लिहिणं दुकानांना बंधनकारक व्हायला हवं: माशाचा वंश आणि पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी. खर्च एका चिठ्ठीचा आहे. लहान टाकीच्या गिऱ्हाइकाला टेरिगोप्लिक्थिसऐवजी अँसिस्ट्रस सुचवणंही दुकानदाराला अवघड नाही. त्यात त्याचं नुकसान नाही, ब्रिसलनोजची किंमत उलट जास्तच असते.

आणि या कामी रत्नागिरीइतकं सोयीचं गाव राज्यात दुसरं नसेल. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा पाहायला पर्यटक येतात. दोन्ही संस्था दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या. त्या मत्स्यालयात एक टाकी पूर्ण वाढलेल्या सकरासाठी ठेवावी, शेजारी दुकानात मिळतं तसं पिल्लू ठेवावं, आणि मत्स्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस लोकांच्या फोटोंवरून मासे ओळखून द्यावेत. नको झालेले सकर परत घेण्याची सोय जिल्ह्यात एका ठिकाणी जरी झाली, तरी शीळच्या धरणाकडे जाणाऱ्या बादल्या कमी होतील.

ती सोय होईपर्यंत, ज्यांच्या घरी हा मासा आजच टाकीपेक्षा मोठा झाला आहे त्यांनी आधी दुकानदाराला परत घेण्याची गळ घालावी, मग मोठी टाकी किंवा बाहेरच्या पाण्याशी संबंध नसलेला सिमेंटचा हौद असलेलं घर शोधावं. यातलं काहीच जमलं नाही तर पशुवैद्यकाला विचारून लवंगतेलाची मात्रा ठरवावी. लवंगतेल मिसळलेल्या पाण्यात मासा आधी बेशुद्ध होतो आणि पुरेशा मात्रेने वेदनेविना मरतो. हे करणं कोणालाही आवडणार नाही. तरीही ते नदीत सोडण्यापेक्षा बरं, आणि मेलेला मासाही पाण्यात न टाकता मातीत पुरावा.