संगणकाच्या पोटातील फिटरकाम

तेल्हारा तालुक्यातील शेतकऱ्याला आज सातबाऱ्याचा उतारा संगणकावरून मिळतो. तुमचे परीक्षेचे निकाल, बँकेतील खाती, रुग्णालयातील तपासण्या, चित्रफिती, सारे काही संगणकात साठविलेले असते. पण ‘साठविलेले असते’ म्हणजे नेमके कोठे आणि कसे, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. संगणक म्हणजे पडदा, कळफलक आणि प्रोग्रॅम अशी आपली समजूत झाली आहे. त्याच्या पोटात लोखंड, ॲल्युमिनियम, तेल, स्प्रिंग आणि वारा यांचेही राज्य असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते ही आपल्या विज्ञानशिक्षणातील मोठी उणीव आहे. ती भरून काढण्याचे एक स्वस्त साधन प्रत्येक शाळेच्या आवाक्यात आहे. ते म्हणजे बंद पडलेली हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क ही चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची पेटी असते. टेबलावरच्या संगणकातील तबकडीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो आणि ती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. गणित करून पाहा. तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १२९ किलोमीटर येतो. या धावत्या पृष्ठभागावर एका हाताच्या टोकाला बसविलेले वाचन-लेखनाचे शीर्ष तरंगत असते. ते तबकडीला टेकले तर लेप खरवडला जाईल, दूर राहिले तर चुंबकीय खूण वाचता येणार नाही. म्हणून सारा प्रश्न त्या दोहोंमधील फटीचा आहे.

ही फट किती? पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या कपाटाएवढ्या यंत्रात फक्त ५० लाख अक्षरे मावत. त्या गटाचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे आधी अमेरिकेतील एका शाळेत विज्ञान शिकवीत असत, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्या यंत्रात शीर्ष आणि तबकडी यांच्यामध्ये दाबाखालची हवा सोडून सुमारे २० मायक्रोमीटर अंतर राखलेले असे. म्हणजे साधारण कापसाच्या एका तंतूच्या जाडीएवढे. आजच्या हार्ड डिस्कमध्ये वाचताना आणि लिहिताना हे अंतर एक-दोन नॅनोमीटरवर येते. कापसाचा तंतू दहा हजार वेळा उभा चिरला, तर त्याच्या एका चिरोटीएवढी ही फट!

असे आकडे वाचून आपण आश्चर्याने तोंडात बोट घालतो आणि पान उलटतो. विज्ञानाचे लेख पुष्कळदा येथेच थांबतात. पण आश्चर्य वाटणे म्हणजे समजणे नव्हे. खरा प्रश्न असा की, ही फट टिकते कशी?

वऱ्हाडातल्या मुलांना हा प्रश्न परका वाटू नये. तुमच्या आसपासच्या जिनिंगमध्ये चामड्याचा रूळ फिरतो आणि स्थिर पाते त्याच्यावर दाबून बसविलेले असते. रुळाच्या घर्षणाने रुई ओढली जाते, पण सरकी पात्यापाशी अडते आणि हलते पाते तिला खाली झटकते. पाते जास्त दाबले तर रूळ तापतो व झिजतो, सैल ठेवले तर रुई नीट ओढली जात नाही. हा दाब आणि हे अंतर जुळविणारा फिटर जे काम करतो, तेच काम हार्ड डिस्कचे भाग आखणाऱ्या अभियंत्याला करावे लागते. फरक एवढाच की जिनिंगमध्ये घर्षण हवे असते, तर येथे ते मुळीच नको असते.

म्हणून अभियंत्यांनी वाऱ्याला कामाला लावले. शीर्ष ज्या चिमुकल्या ठोकळ्यावर असते, तो जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा आणि कठीण सिरॅमिकचा असतो. पोलादाच्या पातळ स्प्रिंगने त्याला तबकडीकडे दोन-तीन ग्रॅम वजनाएवढ्या जोराने दाबलेले असते. तबकडी फिरू लागली की तिच्याबरोबर हवाही ओढली जाते आणि ठोकळ्याखाली शिरून त्याला उचलून धरते. ठोकळ्याच्या तळाला अतिसूक्ष्म खाचा अशा बेताने कोरलेल्या असतात की तबकडीच्या आतल्या भागात वेग कमी आणि कडेला जास्त असला, तरी उंची फारशी बदलत नाही. स्प्रिंग खाली दाबते, हवा वर उचलते, आणि दोन बलांच्या समतोलावर तुमची माहिती सुरक्षित राहते. तुमच्या पुस्तकातला बलांच्या समतोलाचा धडा याहून वेगळा नाही.

आता उष्णतेचा विचार करा. उन्हाळ्यात आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबी तापमानाच्या दर अंशाला सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे पाच सेंटिमीटर लांबीचा हात एका अंशाला सुमारे १.१५ मायक्रोमीटर लांबेल. आजच्या तबकडीवर माहितीच्या वर्तुळाकार वाटा एकमेकींपासून साधारण ५० ते ६० नॅनोमीटरवर असतात. तेव्हा तापमान एका अंशाने वाढले तर शीर्ष वीसेक वाटा ओलांडून भलतीकडेच जावे! तबकडीही तापून पसरते. सगळे भाग एकाच धातूचे आणि एकाच तापमानाचे असते, तर हा फरक बराचसा भरून निघाला असता. पण तबकडी कधी काचेची, आस पोलादाचा आणि हात ॲल्युमिनियमचा. शिवाय सारे भाग सारखे तापत नाहीत.

१९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची छोटी हार्ड डिस्क आणली, तेव्हा वाटांमध्ये सुमारे १०० मायक्रोमीटरचे अंतर होते. हात ठरावीक पावलांनी सरकविणारी मोटर तेथे पुरेशी होती. वाटा जवळ आल्यावर ती युक्ती अपुरी पडली. मग प्रत्येक वाटेवरच थोड्याथोड्या अंतराने स्थानाच्या खुणा लिहून ठेवण्यात आल्या. शीर्ष त्या खुणा वाचते, आपण किती चुकलो ते कळविते आणि दोन बलवान चुंबकांमध्ये बसविलेली तारेची गुंडाळी हाताला लगेच मार्गावर आणते. प्रसरण टाळता येत नाही, तेव्हा ते सतत मोजून दुरुस्त करावयाचे, हा धडा येथे मिळतो. पुढे तर अभियंत्यांनी शत्रूलाच नोकरीवर ठेवले. आता शीर्षात एक सूक्ष्म तापक असतो. त्यातून वीज सोडली की शीर्षाचे टोक किंचित फुगते आणि तबकडीच्या जवळ येते. प्रसरणामुळे वाट चुकत होती, त्याच प्रसरणाने आता उंची साधली जाते.

वंगणाची गोष्टही अशीच. पूर्वी तबकड्यांचा आस छर्‍यांच्या बेअरिंगवर फिरे. छर्रे कितीही गुळगुळीत केले तरी पूर्ण गोल नसतात. त्यामुळे आस प्रत्येक फेरीत किंचित वेगळा डोलतो. वाटा अरुंद झाल्या तसे हे डोलणे परवडेना. साधारण २००० सालाच्या सुमारास छर्रे जाऊन तेलाचा पातळ थर आला. धातूवर कोरलेल्या खाचांमुळे फिरताना तेलाचा दाब वाढतो आणि आस तेलातच तरंगत फिरतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या आजोबांना ही कल्पना दोन वाक्यांत पटेल.

कोणी म्हणेल, ‘हे जुने झाले. आता लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, चिपमध्येच सारे साठते.’ लॅपटॉपपुरते हे खरे आहे. पण मोठमोठ्या संगणककेंद्रांतील प्रचंड साठ्याचा मोठा भाग अजूनही फिरत्या तबकड्यांवरच आहे, कारण तेवढी जागा तेथे स्वस्त पडते. २०१३ साली तर हेलियम भरलेल्या बंद पेटीची हार्ड डिस्क आली. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक सप्तमांश असल्याने तबकड्यांना विरोध कमी होतो आणि त्याच पेटीत जास्त तबकड्या बसतात. शिवाय चिप बनविणारी यंत्रेही सिलिकॉनची चकती नॅनोमीटरच्या अचूकतेने सरकवितात. तेथेही प्रसरण, कंपन आणि घर्षण यांच्याशीच झगडा आहे. साधन बदलेल, पण यंत्रशास्त्राची गरज संपणार नाही.

हे सुटे भाग कोण बनवितो याला महत्त्व किती, ते २०११ साली जगाने पाहिले. त्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्क आणि तिच्या मोटरी बनविणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई होऊन भाव चढले. प्रोग्रॅम लिहिणारे लाखो लोक होते, पण भागच नव्हते!

हा उद्योग महाराष्ट्राच्या दारापर्यंत एकदा आला होता. भारतातून अमेरिकेत गेलेले अभियंते जुगी टंडन यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली. आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात त्यांच्याच कंपनीच्या फ्लॉपी ड्राइव्ह होत्या. १९८० च्या दशकात मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रात टंडन समूहाने डिस्क ड्राइव्हच्या भागांचे काम केले. १९८८ साली टंडन यांच्या कंपनीचा ड्राइव्हचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटल या कंपनीने घेतला. आज हार्ड डिस्क बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, आणि त्यांतली एकही आपली नाही. आपल्या हातांना हे काम जमते, हे एकदा दिसले होते. उणीव हातांची नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते काम शिकविणाऱ्या आणि त्याला मान देणाऱ्या वातावरणाची आहे.

आपण काय करतो? हुशार मुलाला ‘संगणक घे’ म्हणतो आणि कमी गुण मिळालेल्याला ‘मग फिटर, टर्नर हो’ म्हणतो. जणू एक डोक्याचे काम आणि दुसरे नुसते हाताचे! हार्ड डिस्क ही विभागणीच खोटी ठरविते. तिच्यातला अतिप्रगत भाग म्हणजे अचूक कातकाम, कोरकाम आणि जोडणीच आहे. तेल्हाऱ्याच्या मुलाने पुण्याला जाऊन प्रोग्रॅम लिहावेत, यात वावगे काही नाही. पण लेथपाशी उभा राहून मिलिमीटरचा शंभरावा भाग जपणारा मुलगा मागे पडला, असे त्याला वाटू देणे मात्र वावगे आहे.

शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. दुरुस्तीच्या दुकानातून किंवा शाळेच्या अडगळीतून कायमची बंद पडलेली एक हार्ड डिस्क मिळवा. तिच्यात कोणाची खासगी माहिती असू शकते, म्हणून मालकाची परवानगी घ्या. तारेच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू काढण्यास तसाच पेचकस लागेल. हेलियम भरलेली बंद पेटी निवडू नका. तबकडी वाकवू नका, काचेची असल्यास तिच्या ठिकऱ्या उडतील. चुंबक फार जोरदार असतात, त्यांच्यामध्ये बोट सापडू देऊ नका.

मग विद्यार्थ्यांना उत्तरे सांगू नका, प्रश्न विचारा. हाताच्या मागे गुंडाळी का आहे? तबकडी आरशासारखी का आहे? पेटीला हवेचे छिद्र असून त्यावर गाळणी का आहे? काढलेला चुंबक ॲल्युमिनियमच्या तिरप्या पत्र्यावरून सोडला तर तो सावकाश का घसरतो? हात पट्टीने मोजा आणि जानेवारीची पहाट ते मेची दुपार एवढ्या फरकाने तो किती लांबेल, ते काढा. आणि शक्य झाल्यास जवळच्या जिनिंगमधल्या फिटरला त्या तासाला बोलवा. रूळ आणि पाते यांच्यामधले अंतर तो कसे जुळवितो, हे त्याच्याच तोंडून ऐका. प्रयोगशाळेत त्याला बसायला खुर्ची द्या आणि विद्यार्थ्यांना त्याचे म्हणणे वहीत उतरवून घ्यायला सांगा.