अकरा वेळा निवडून येणे म्हणजे काय?

सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा, 'महाराष्ट्राच्या विधानसभेवर सर्वाधिक वेळा कोण निवडून आले?' पुस्तकातून मान वर न करता उत्तर येईल, 'गणपतराव देशमुख, सांगोला, अकरा वेळा.' स्पर्धा परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण माझ्या मते ते अपुरे आहे. दीर्घकाळ पदावर राहणे हा काही स्वतंत्र गुण नव्हे. संस्थानिकही पिढ्यान्‌पिढ्या गादीवर होतेच की! आमदाराची वर्षे मोजण्याऐवजी ती कशी गेली, हे पाहायला हवे.

मोहोळ तालुक्यातील पेनूर गावी १९२६ साली जन्मलेले गणपतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले. १९७२ मध्ये ते हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत आणले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी पुन्हा पराभव, १९९९ मध्ये पुन्हा विजय. अकरावा विजय २०१४ चा. मला त्या अकरा विजयांइतकेच हे दोन पराभव मोलाचे वाटतात. मतदारसंघ ही त्यांची जहागीर नव्हती. लोक नाकारू शकत होते, म्हणून त्यांच्या होकाराला किंमत होती.

दुसरी गोष्ट पक्षाची. शेकाप ओसरत गेला, अनेक मातब्बर मंडळी काँग्रेसमध्ये गेली. गणपतराव मात्र तिथेच राहिले. १९७८ व १९९९ नंतरचा मंत्रिपदाचा थोडा काळ सोडला, तर त्यांची बहुतेक हयात विरोधी बाकांवर गेली. २०२२ आणि २०२३ मधली पक्षांची फाटाफूट पाहिलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट दंतकथेसारखी वाटेल.

कोणी म्हणेल, 'अर्धशतकात सांगोल्याचा दुष्काळ का हटला नाही?' प्रश्न रास्त आहे. एसटीने प्रवास करणारा साधा आमदार, एवढ्या कौतुकाने शेताला पाणी मिळत नाही. पण नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत गणपतरावांनी आटपाडीची पाणी परिषद चालवली, तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेच्या पाण्यासाठी एकत्र आणले. सत्ता हाती नसताना एकच मागणी वर्षानुवर्षे लावून धरणे, हेही लोकप्रतिनिधीचेच काम आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. २०१९ मध्ये ते थांबले तेव्हा उमेदवारी नातू डॉ. अनिकेत यांना मिळाली. ते ७६८ मतांनी हरले. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी निवर्तले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले. लोकांनी मते दिली हे खरे. पण कष्टकऱ्यांच्या पक्षालाही उमेदवार एकाच घरात सापडावा काय?

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आमच्याकडे आमदार म्हणजे शिफारसपत्र देणारा आणि लग्नाला हजेरी लावणारा माणूस. विधानसभेत तो काय बोलतो, हे कोणी विचारत नाही. आपल्यापैकी अनेक जण विधानसभेसाठी पहिले मत पुढच्या निवडणुकीत देतील. त्याआधी आपापल्या आमदाराने सभागृहात कोणते प्रश्न मांडले, एवढे तरी शोधून काढू या. अभ्यासिकेत पाठ केलेल्या उत्तराचा तेवढा उपयोग व्हायला हरकत नाही.