पासपोर्ट कुणाच्या पाऊचमध्ये?

‘वेस्ट इंडीजला चाललोय’ असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘मॅच बघायला का?’ आमच्या सोसायटीत तर चौघांनी विचारलं. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. आमच्या यांचं लहानपण १९७१ च्या मालिकेवर पोसलेलं. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच आणि तेही त्यांच्या घरात हरवलं. दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, पहिलीच मालिका खेळणाऱ्या गावसकरांच्या ७७४. सासऱ्यांनी कापून ठेवलेली त्या वेळच्या पेपरांची कात्रणं आमच्या कपाटात अजून आहेत. त्यामुळे मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना ती जेव्हा म्हणाली, ‘लग्नाच्या वाढदिवसाला दोघं कुठेतरी बेटावर जाऊन या,’ तेव्हा कुठलं बेट हा प्रश्नच नव्हता. त्रिनिदाद! पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघायचं आणि मग शेजारच्या टोबॅगो बेटावर चार दिवस नुसता आराम.

ओव्हलवर हे पाच मिनिटं कठड्याला हात लावून गप्प उभे राहिले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला सांगायचंय ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याच्या दिवसाबद्दल. फोटोंच्या अल्बममध्ये या दिवसाचा एकही फोटो नाही.

प्रवासाच्या दिवशी आमच्या घरात कामांची वाटणी ठरलेली असते. तुमच्याही घरी असणार. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत काय असतं? दोघांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, थेपले, ओले टिश्यू, यांचा जादा चष्मा, माझी शाल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुईदोरा. आणि यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये? दोघांचे पासपोर्ट, डॉलर, कार्डं. तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, विम्याचे कागद, सगळं यांच्या फोनमध्ये. म्हणजे पोटाचं आणि पाठीचं खातं माझ्याकडे, कागदाचं यांच्याकडे. पस्तीस वर्षांत हे कुणी ठरवलेलं नाही, ते होत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच वाटायचं. नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण या सगळ्यात निदान एक गोष्ट अशी होती की जिच्यात मी डोकं घालायचं नाही. ‘हे बघतील.’

टोबॅगोला विमानाने जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात आणि बोटीने चारेक तास. मी विमान म्हणत होते. हे म्हणाले, ‘अगं, बोट म्हणजे काय, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यासारखं!’ सकाळी निघण्यापूर्वी मी अ‍ॅव्होमिन घेतली, यांनाही पुढे केली. ‘मला कशाला?’ म्हणाले आणि रस्त्याकडेच्या गाडीवर डबल्स खायला उभे राहिले. डबल्स म्हणजे हळदीच्या रंगाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये चणे, वर चिंचेची आणि काकडीची चटणी, शिवाय तिकडच्या मिरचीचा जहाल सॉस. भारतातून नेलेल्या मजुरांच्या वंशजांचं हे खाणं आता सगळ्या त्रिनिदादचं झालंय. यांनी दोन खाल्ले, सॉस जास्त घालून.

बंदरातून निघाल्यावर पारियाच्या आखातात पाणी अगदी ताटातल्यासारखं. हे मला ‘बघ, सांगत होतो ना’ असं नजरेने सांगत होते. मग बोट बोकास नावाच्या छोट्या बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडली. १४९८ साली कोलंबसने या जागेचं नाव ‘ड्रॅगनचं तोंड’ ठेवलं. उगाच नव्हतं ठेवलं! उघडा समुद्र लागला तशी बोट समोरच्या लाटांवर आपटायला लागली. दहा मिनिटांत हे पांढरेफटक. आधी उलट्या. मग कपाळावर दरदरून घाम, हात गार. बोटीवरचा कर्मचारी धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न यांनाच विचारला, ‘तुम्हाला काही औषधं चालू आहेत का?’ यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रक्तदाबाच्या गोळीचं नाव, ती किती मिलिग्रॅमची, कधी घेतली, सगळं मी सांगितलं. नऊ वर्षं रोज गिळतायत, पण नाव ठाऊक नाही!

हसले असते, पण तेव्हा हसू आलं नाही. ती बोट लागलेली आहे की हृदयाचं काही आहे, हे मला कळत नव्हतं. त्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की काही झालंच, तर विम्याच्या कंपनीचं नाव मला माहीत नाही. नंबर कुठे आहे माहीत नाही. यांच्या फोनला कुठला आकडा लावतात ते माहीत नाही. टोबॅगोत आपण कुठे उतरणार आहोत, तेही माहीत नाही. ‘समुद्राजवळ आहे, छान आहे’ एवढं यांनी सांगितलं होतं आणि एवढ्यावर मी परक्या मुलखात निघाले होते.

आणि मी कोण? एका बँकेत एकोणतीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई. नवरा गेल्यावर कापडी पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या किती जणी मी पाहिल्या. ‘यात काय काय आहे बघा हो ताई, मला त्यातलं काही कळत नाही.’ त्यातल्या काही डबल ग्रॅज्युएट होत्या. मी त्यांना पाणी द्यायचे, कागद लावून द्यायचे आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘पासबुक स्वतः बघत जा.’ घरी येऊन मात्र ‘हे बघतील’.

शेजारच्या बाकावर एक सत्तरीच्या बाई होत्या. चेहरा थेट आपल्याकडचा, भाषा तिथली गाणं म्हटल्यासारखी इंग्रजी. त्यांनी यांच्या कपाळाला लिंबाच्या वासाचं लिमाकॉल चोळलं आणि मला तोंडात धरायला लाल, खारवलेला सुका प्रून दिला. आपल्या आवळ्याच्या सुपारीची आठवण झाली. मला बोलतं ठेवण्यासाठी त्या बोलत राहिल्या. वडिलांच्या आईला त्यांच्याकडे आजीच म्हणतात! मूळ भोजपुरी, पण मी ‘आजी’ ऐकून चमकलेच. त्यांच्या आजीची आजी कलकत्त्याहून जहाजाने एकटी आली होती म्हणे. एकटी? हो, विधवा होती.

मजुरांचं पहिलं जहाज, ‘फातेल रझाक’, १०३ दिवसांचा प्रवास करून ३० मे १८४५ ला त्रिनिदादला पोचलं. १९१७ पर्यंत दीड लाखाच्या आसपास माणसं आली. त्यात बायका कमी पडायच्या, म्हणून पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा नियमच झाला. त्यातल्या कितीतरी विधवा, टाकलेल्या किंवा घर सोडून निघालेल्या होत्या. नंतरच्या काळात प्रत्येकीच्या नावाचा वेगळा पास असे. त्यावर तिचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण. तो काही स्वातंत्र्याचा कागद नव्हता हो, पाच वर्षं उसाच्या मळ्यात राबायला बांधून घेतलेलं असायचं. त्याचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण अक्षरओळख नसलेल्या त्या बाईच्या नावाचा कागद निघाला होता, आणि मी माझा छत्तीस पानांचा पासपोर्ट नवऱ्याच्या कमरेला बांधून बसले होते, हे काही केल्या मनातून जाईना.

स्कारबरोला बोट लागली तेव्हा यांची नाडी ठीक होती, पण उभं राहवत नव्हतं. टॅक्सीवाल्याने विचारलं, ‘कुठे?’ मी यांना विचारलं. ‘थांब जरा’ एवढंच आलं. शेवटी यांचा अंगठा धरून फोनवर टेकवला. एकोणतीस वर्षं लोकांचे अंगठे घेतले, नवऱ्याचा पहिल्यांदा घेतला! फोन उघडला, तर न वाचलेल्या तीन हजार मेल. त्यात बुकिंग शोधायला पंधरा मिनिटं लागली. तोवर त्या बाई आमच्या बॅगांजवळ उभ्या होत्या. मग शर्टाखालून पाऊच काढला. एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास त्रिनिदादी डॉलर मिळतात हेही मला टॅक्सीवाल्याकडूनच कळलं. भला माणूस, त्याने योग्य तेवढेच घेतले.

क्राउन पॉइंटला खोलीवर पोचल्यावर हे लिंबू सरबत पिऊन गाढ झोपले. दुपारी तीनला मी पाऊचमधून माझा पासपोर्ट आणि थोडे पैसे काढून घेतले, चिठ्ठी ठेवली आणि स्टोअर बेच्या किनाऱ्यावर चालत गेले. तिथे खाण्याच्या टपऱ्यांची एक रांग आहे. बहुतेक बायका चालवतात आणि पाट्यांवर ‘मिस’ लावून त्यांचीच नावं. मी करी क्रॅब अँड डंपलिंग मागवलं. नारळाच्या दुधातलं कुर्ल्यांचं कालवण आणि त्यासोबत मैद्याचे चपटे उकडलेले गोळे. आमच्या मालवणी जिभेला मसाला थोडा अनोळखी, पण कुर्ली फोडायची पद्धत जगात एकच! दोन्ही हात कोपरापर्यंत माखवून, एकटीने, समोर निळाहिरवा समुद्र बघत तासभर जेवले. साठी उलटली तरी परगावी हॉटेलात एकटीने जेवण्याची ही पहिलीच वेळ. पैसे मोजून दिले, सुटे परत घेतले. ‘हे उठले असतील का’ हा विचार दोनदा आला, तिसऱ्यांदा आला तेव्हा उठले.

परतल्यावर हा किस्सा मैत्रिणींना सांगितला, तर एक म्हणाली, ‘कशाला डोक्याला ताप? प्रवासात तरी बाईने निवांत बसावं की!’ मला तिचं म्हणणं पटत नाही, पण ते कुठून येतं हे कळतं. घरचं सगळं करून थकलेल्या बाईला कागद न बघणं ही विश्रांती वाटते. मुद्दा एवढाच आहे की त्या विश्रांतीची किंमत कधी वसूल होईल ते आपल्या हातात नसतं. आणि हे एकट्या नवऱ्यांचं षड्‌यंत्र नाही. यांना तरी कुठे माहीत होतं, आपण कसली गोळी घेतो? पिशवी माझ्याकडून कुणी हिसकावली नव्हती आणि पाऊच मी मागितला नव्हता. सहलीच्या कंपन्यांच्या जाहिरातीत ती टोपी घालून हसते आणि तो नकाशा धरतो. तिच्या हातात नकाशा दिलेली एक तरी जाहिरात मला दाखवा.

टोबॅगोहून आम्ही विमानाने परतलो. आदल्या रात्री मी एक कागद केला. हॉटेल, विमा, मुलीचा नंबर, दोघांची औषधं. त्याच्या दोन प्रती, एक माझ्या पर्समध्ये, एक यांच्या पाऊचमध्ये. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. विमानतळावर जाईपर्यंत यांनी मला तीन वेळा विचारलं, ‘पासपोर्ट घेतलास ना?’ तिसऱ्या वेळी मी विचारलं, ‘अहो, तुमची सकाळची गोळी?’ हे थांबले, खिसा चाचपला आणि परत खोलीकडे गेले. ती टेबलावरच राहिली होती.